जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते?
डायनॅमो, कटआउट आणि वायरिंगची क्रमवार तपासणी

मृगाचा पाऊस पडतो, दोन दिवसांनी वापसा येतो आणि पहूर, वाकोद, शेंदुर्णी भागात एकाच सकाळी सगळ्यांना ट्रॅक्टर लागतो. भारी काळ्या जमिनीत वापशाचे दिवस मोजकेच असतात. ओल जास्त असताना शिरले तर माती अवजाराला चिकटते आणि जमीन दबते. उशीर केला तर ढेकळे निघतात. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम मोडण्यासाठी कापसाची लागवड जूनपूर्वी करू नये, अशी शिफारस आहे. त्यामुळे पूर्वी मे महिन्यात होणारे बरेचसे काम आता जूनच्या थोड्या दिवसांत उरकावे लागते. अशा वेळी सेल्फ मारला आणि नुसताच ‘टक’ असा आवाज आला, तर नुकसान केवळ बॅटरीचे होत नाही. पेरणीचा वापसाही हातचा जातो.

असे झाले की बहुतेक शेतकरी बंधू बॅटरीला दोष देतात आणि नवी बॅटरी आणतात. ती महिना-दोन महिने चालते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. कारण बॅटरी रिकामी होणे हा परिणाम असतो. मूळ दोष पुष्कळदा बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे चार्जिंगमध्ये असतो. तो सैल पट्टा, गंजलेले अर्थिंग किंवा झिजलेले कार्बन ब्रश इतका साधाही असू शकतो. म्हणून नवी बॅटरी घेण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

ही माहिती कोणत्या वाहनांना लागू आहे?

आपल्या देशात १९६० च्या दशकापासून इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी फर्ग्युसन यांसारखे ट्रॅक्टर रुजले. १९७१ पासून एचएमटी-झेटर आले. त्याआधी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली होती. त्या काळच्या पुष्कळ ट्रॅक्टर, जीप आणि मोटारींवर आजच्यासारखा अल्टरनेटर नसे, डायनॅमो असे. अशी जुनी वाहने अजून कामात आहेत. इंजिन दणकट असल्याने मालक ती मोडीत काढत नाहीत. मात्र डायनॅमोची माहिती असलेले कारागीर कमी होत चालले आहेत. २०१६ साली केंद्र शासनाने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे काही सुटे भागही सहज मिळत नाहीत. म्हणून निदान दोष कोठे आहे, एवढे तरी मालकाला ओळखता आले पाहिजे.

खाली दिलेल्या चाचण्या १२ व्होल्टच्या, ‘डी’ आणि ‘एफ’ अशी दोन टर्मिनल असलेल्या ल्यूकास पद्धतीच्या डायनॅमोसाठी आहेत. वेगळ्या पद्धतीचा डायनॅमो किंवा अल्टरनेटर असल्यास डायनॅमो आणि नियंत्रण पेटीच्या चाचण्या त्यावर करू नयेत.

चार्जिंग यंत्रणा कशी चालते?

विहीर, पंप आणि हौद डोळ्यांसमोर आणा. बॅटरी हा हौद आहे. सेल्फ मारताना त्यातून थोड्या सेकंदांत प्रचंड उपसा होतो. हा उपसा शंभर अँपिअरच्या कितीतरी वर असतो. तो भरून काढण्याचे काम डायनॅमो करतो. म्हणजे डायनॅमो हा पंप आहे आणि पंखापट्ट्याने इंजिन त्याला फिरवते.

पंप बंद झाल्यावर हौदातील पाणी उलटे विहिरीत जाऊ नये म्हणून आपण पाइपवर एकेरी झडप बसवितो. तेच काम कटआउट करतो. डायनॅमोचा दाब सुमारे १३ व्होल्टपर्यंत चढला की कटआउटचे पॉइंट जुळतात आणि चार्जिंग सुरू होते. इंजिन मंद झाले किंवा बंद पडले की ते उघडतात. त्याच पेटीत रेग्युलेटर असतो. हौद भरत आला की पाणी कमी सोडावे, तसा तो चार्जिंगचा प्रवाह कमी करतो.

डायनॅमोच्या आतील लोखंडात थोडे चुंबकत्व कायम शिल्लक राहते. त्यावरच सुरुवातीची थोडी वीज तयार होते. ती वीज ‘एफ’ टर्मिनलमधून फील्ड कॉइलला मिळते, चुंबकत्व वाढते आणि पूर्ण वीजनिर्मिती होते. ही साखळी कोठेही तुटली तर डायनॅमो नुसता फिरत राहतो.

डिझेल इंजिन एकदा चालू झाले की ते चालण्यासाठी सहसा बॅटरीची गरज नसते. त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी ट्रॅक्टर दिवसभर काम करतो आणि दोष लपून राहतो. तो कळतो दुसऱ्या दिवशी सकाळी. पेट्रोल जीपचे तसे नसते. तिच्या ठिणगीला बॅटरी लागते, म्हणून ती वाटेतच बंद पडते.

लागणारे साहित्य

साधा डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर, १२ व्होल्टचा बल्ब जोडलेली दोन वायरींची टेस्ट लॅम्प, पाने, बारीक काचपेपर, स्वच्छ कापड, खाण्याचा सोडा आणि पेट्रोलियम जेली एवढे पुरे होते.

तपासणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ बंद ठेवावा, हातब्रेक ओढून चाकांना दगड लावावा. गळ्यातील रुमाल, उपरणे काढून ठेवावे. चालू पंख्याजवळ सैल कपडा जीवघेणा ठरतो. बॅटरीजवळ विडी, काडी पेटवू नये. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने भडकतो.

पायरी पहिली : बॅटरी

प्रथम बॅटरीचा दोष आहे की नाही हे ठरवावे. इंजिन रात्रभर बंद ठेवून सकाळी दोन्ही टर्मिनलवर मीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ च्या जवळपास असल्यास निम्मी आणि ११.८ किंवा त्याखाली असल्यास रिकामी समजावी.

त्यानंतर प्रत्येक खान्यातील पाण्याची घनता हायड्रोमीटरने पाहावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२६० च्या पुढे, निम्म्या बॅटरीत १.२०० च्या जवळपास आणि रिकाम्या बॅटरीत १.१२० च्या आसपास असते. नुकतेच पाणी घातले असेल तर लगेच घनता पाहू नये, आकडा चुकतो. सहाही खाने सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, तिला चार्जिंग मिळत नाही. पाच खाने चांगले आणि एकच फार कमी असेल तर मात्र तो खाना खराब आहे. अशी बॅटरी बदलावी लागते.

बॅटरी नुसतीच उतरलेली असल्यास ती बाहेर चार्ज करून मगच पुढील तपासणी करावी. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवावा. उदाहरणार्थ, ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअर.

पायरी दुसरी : पट्टा, टर्मिनल आणि अर्थिंग

डायनॅमो उघडण्यापूर्वी फुकटात होणारी कामे करावीत.

१) इंजिन बंद असताना पट्ट्याचा सर्वांत लांब भाग अंगठ्याने दाबावा. तो साधारण १२ ते २० मिलिमीटर दबावा. जास्त सैल असल्यास घसरतो, जास्त ताणल्यास डायनॅमोचे बेअरिंग आणि बुश खातो. पट्टा आतून काचेसारखा चकचकीत झाला असेल किंवा त्यावर तेल असेल, तर ताण बरोबर असूनही तो घसरतो.

२) बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवावी. ते पाणी खान्यात जाऊ देऊ नये. टर्मिनल घासून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी.

३) अर्थिंगची पट्टी चासीला जेथे जोडली आहे तेथील रंग, गंज आणि चिखल खरवडून काढावा. फवारणीची औषधे आणि खते वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरवर हा जोड लवकर गंजतो.

४) डायनॅमो ते पेटी या वायरी पूर्ण लांबीभर हाताने चाचपाव्यात. उंदरांनी कुरतडलेली, पत्र्याला घासून उघडी पडलेली किंवा आत तुटलेली वायर अशीच सापडते. ‘एफ’ ची वायर बॉडीला चिकटल्यास चार्जिंग बंद पडते. तीच वायर ‘डी’ ला चिकटल्यास चार्जिंग बेसुमार होते.

आता इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीवर मीटर लावावा. दाब १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान चढत असेल तर चार्जिंग होत आहे. जो दाब इंजिन बंद असताना होता तोच राहत असेल तर पुढची पायरी घ्यावी.

पायरी तिसरी : डायनॅमोची स्वतंत्र चाचणी

दोष डायनॅमोत आहे की पेटीत, हे या चाचणीने ठरते.

इंजिन बंद करून डायनॅमोवरील ‘डी’ (मोठे) आणि ‘एफ’ (लहान) या दोन्ही टर्मिनलच्या वायरी खुणा करून काढाव्यात. दोन्ही टर्मिनल एका तुकडा वायरने एकमेकांना जोडावीत. मीटरची एक वायर या जोडाला आणि दुसरी डायनॅमोच्या बॉडीला लावावी. इंजिन मंद गतीवर चालू करून वेग हळूहळू वाढवावा. दाब झरझर आणि न अडखळता चढला पाहिजे. २० व्होल्टच्या वर तो जाऊ देऊ नये. या चाचणीत रेग्युलेटर जोडलेला नसतो, म्हणून इंजिन कधीही जोरात पळवू नये. मीटर नसल्यास टेस्ट लॅम्प लावावी. वेगाबरोबर तिचा उजेड वाढला पाहिजे.

निष्कर्ष असा काढावा :

– दाब व्यवस्थित चढला : डायनॅमो चांगला आहे. दोष वायरीत किंवा पेटीत शोधावा.
– दाब अजिबात नाही : कार्बन ब्रश झिजलेले, अडकलेले किंवा त्यांची स्प्रिंग ढिली.
– अर्धा ते एक व्होल्ट एवढाच : फील्ड कॉइल तुटलेली.
– चार-पाच व्होल्टवर अडकतो : आर्मेचरचे वेटोळे खराब असण्याचा संभव.

ब्रशची दुरुस्ती घरी होण्यासारखी आहे. ब्रश आपल्या घरात सहज वरखाली सरकले पाहिजेत. ८-९ मिलिमीटरपर्यंत झिजले असल्यास बदलावेत. कम्युटेटर म्हणजे ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग. तो पेट्रोलमध्ये भिजविलेल्या कापडाने पुसावा. काळेपणा न गेल्यास बारीक काचपेपर वापरावा. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण पट्ट्यांमधील फटीत बसून विजेला वाट करून देतात. मागील बुशच्या छिद्रात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंबच सोडावेत. जास्त तेल कम्युटेटरवर उडते आणि नवे ब्रशही निकामी होतात. आर्मेचर किंवा फील्डचे काम मात्र जाणकार कारागिराकडे द्यावे.

पायरी चौथी : नियंत्रण पेटी

डायनॅमो चांगला निघाल्यास सर्व वायरी पूर्वीप्रमाणे जोडाव्यात. इंजिन मध्यम वेगाने चालवून पेटीच्या ‘डी’ टर्मिनलवर दाब पाहावा.

दाब १३ च्या वर आहे पण बॅटरीवर पोहोचत नाही, असे असल्यास कटआउटचे पॉइंट जुळत नाहीत किंवा ते जळलेले आहेत. दाब दोन-तीन व्होल्टवरच रेंगाळत असेल तर ‘एफ’ ची वाट तुटली आहे, किंवा रेग्युलेटरच्या पॉइंटवर मळ बसला आहे. पॉइंट साफ करताना बॅटरीची वायर आधी काढावी. नंतर बारीक काचपेपरची पट्टी हलकेच फिरवून स्पिरिटच्या कापडाने पुसावे. ताण जुळविण्याच्या स्क्रूला मात्र हात लावू नये. त्याला योग्य मापन लागते.

दोन धोके लक्षात ठेवावेत. पहिला, इंजिन बंद आणि बॅटरी जोडलेली असताना कटआउटचे पॉइंट बोटाने कधीही दाबू नयेत. बॅटरीचा सारा प्रवाह उलटा डायनॅमोत जाऊन वायरी जळतात. दुसरा, इंजिन बंद केल्यावर अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला खूप कललेला राहिला आणि डायनॅमो तापू लागला, तर पॉइंट चिकटले आहेत असे समजावे. अशा वेळी ताबडतोब बॅटरीची वायर काढावी. रात्रभरात बॅटरी सपाट होण्याचे हे एक ठरलेले कारण आहे.

सर्व काही ठीक, तरी बॅटरी उतरते

अशा वेळी जमाखर्च मांडावा. जुन्या ट्रॅक्टरवरील काही डायनॅमो ११ अँपिअरचेच असत, मोटारींवरील २२ अँपिअरपर्यंत असत. आता खर्च पाहा. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९० वॅट. त्याला १२ ने भागले की साडेसात अँपिअर होतात. मागे नांगरटीसाठी ३५ वॅटचा दिवा असल्यास आणखी तीन अँपिअर. एकूण खर्च साडेदहा झाला. अकरांपैकी बॅटरीच्या वाट्याला जेमतेम अर्धा अँपिअर राहिला. त्यात कोणी ५५ वॅटचा हॅलोजन आणि गाण्याचा संच लावला की हौदातून उपसा जास्त आणि आवक कमी. उन्हाळ्यात ऊन टाळण्यासाठी रात्री नांगरट करणाऱ्यांच्या बॅटऱ्या यामुळेच उतरतात. शिवाय इंजिन मंद गतीवर असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगच्या रांगेत दिवे लावून उभे राहिल्यास सारा भार बॅटरीवर पडतो. जादा दिवे काढावेत किंवा चांगल्या प्रतीचे एलईडी दिवे बसवावेत.

उलट प्रकारही आढळतो. आठवड्याला पाणी घालावे लागत असेल, बॅटरी तापत असेल, बल्ब वारंवार जात असतील आणि दाब १५ व्होल्टच्या वर राहत असेल, तर चार्जिंग जास्त होत आहे. रेग्युलेटर आणि त्याचे अर्थिंग तपासून घ्यावे.

बॅटरी बदलताना घ्यावयाची काळजी

जुन्या ब्रिटिश नमुन्याच्या काही ट्रॅक्टरवर बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. नवी बॅटरी बसविणारा सवयीने ऋण बाजू अर्थ करतो आणि तेथून चार्जिंगचा घोळ सुरू होतो. म्हणून जुनी बॅटरी काढण्यापूर्वी कोणते टर्मिनल अर्थ आहे, हे लिहून ठेवावे.

डायनॅमो बरेच महिने पडून असेल, दुरुस्त केला असेल किंवा अर्थची बाजू बदलली असेल, तर त्याला चुंबकत्वाची दिशा पुन्हा द्यावी लागते. इंजिन बंद ठेवून ‘एफ’ ची वायर डायनॅमोवरून काढावी आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलपासून आणलेली वायर ‘एफ’ टर्मिनलला क्षणभर दोन-तीन वेळा टेकवावी. त्या वेळी बारीक ठिणगी पडते, म्हणून वायर बॅटरीच्या बाजूला आधी जोडावी आणि टेकविण्याचे काम डायनॅमोकडे करावे. अल्टरनेटरवर हा प्रयोग मुळीच करू नये, तो जळतो.

डायनॅमो वारंवार दगा देत असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर अल्टरनेटर बसविणे परवडते. तो मंद गतीवरही चार्ज करतो. मात्र त्यासाठी अर्थची बाजू जुळवावी लागते आणि जुनी पेटी वगळावी लागते. अल्टरनेटर असताना इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढू नये. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवाव्यात.

जीव धोक्यात घालू नका

बॅटरी उतरलेली असली की उतारावरून ट्रॅक्टर सोडून चालू करणे, किंवा जमिनीवर उभे राहून सेल्फच्या टर्मिनलवर पाना टेकविणे असे उपाय केले जातात. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे निघतो आणि मागचे चाक अंगावरून जाते. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच चालू करावा. तो तसा चालू होत नसेल तर दोष शोधावा.

वर्षभराचे वेळापत्रक

– दर पंधरा दिवसांनी : बॅटरीतील पाण्याची पातळी पाहावी. खानदेशातील एप्रिल-मेच्या उन्हात पाणी लवकर आटते. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि वरून ॲसिड घालू नये.
– दर महिन्याला : पट्ट्याचा ताण, टर्मिनल आणि अर्थिंग पाहावे.
– ट्रॅक्टर उभा ठेवताना : अर्थची वायर काढावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. रिकामी ठेवलेली बॅटरी आतून कायमची निकामी होते.
– मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात : वरील चारही पायऱ्यांनी पूर्ण तपासणी करावी. ब्रशचा एक जोड आणि एक जादा पट्टा घरात आणून ठेवावा.

बियाण्याची उगवणक्षमता आपण पेरणीपूर्वी तपासतो, पेरल्यानंतर नाही. ट्रॅक्टरच्या चार्जिंगलाही तोच नियम लावावा. मेमध्ये सापडलेला दोष अर्ध्या दिवसाच्या कामात दुरुस्त होतो. तोच जूनमध्ये सापडला तर वापसा निघून जातो, आणि तो काही दुकानात विकत मिळत नाही.